सेटिंग शिकणाऱ्या मुली आणि शॉपमधली कुजबुज

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अनेक घरांत एक चर्चा होते. मुलीला आयटीआयला टर्नर, मशिनिस्ट किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेडला घालायचं का? कोर्स दोन वर्षांचा, हाताला कसब मिळतं, उद्यमबाग किंवा मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत जायला बस आहे आणि जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना सरकारी बसचं तिकीटही पडत नाही. सगळं पटतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘कंपनीत पोरापोरींचं काहीतरी सुरू होतं, नको.’ आणि कारखानदार म्हणतात, ‘मुली कामाला चांगल्या, पण पुढे भानगडी होतात.’ या दोन वाक्यांपायी किती मुली मशीनपासून लांब राहिल्या, हे आम्ही या धंद्यातली माणसं जाणतो. आमचं म्हणणं असं की दोष मुलींच्या वागण्यात नाही आणि मुलांच्याही नाही. आपल्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या कारखान्यात, काम शिकवायची जी पद्धत पडली आहे, तिच्यात तो आहे.

बाहेरच्या माणसाला सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, काम करणारे सगळे सारखेच दिसतात. तसं नसतं. जॉब (कापायचा धातूचा तुकडा) लावणं, दार बंद करून सायकल स्टार्ट दाबणं, ठरलेल्या नगानंतर मोजणं हे ऑपरेटरचं काम. ड्रॉइंग हातात घेऊन मशीन नव्या जॉबसाठी तयार करणं आणि पहिला नग पास करून देणं, म्हणजेच सेटिंग, हे सेटरचं. पगारवाढ, सुपरवायझरची खुर्ची, पुढे स्वतःचं एखादं मशीन टाकण्याची हिंमत, हे सगळं सेटिंग येणाऱ्यालाच मिळतं. मुलींना मात्र तपासणी, बर (कापल्यावर राहिलेली धार) काढणं, पॅकिंग आणि लोडिंग. ‘तुमचा हात हलका, नजर बारीक’ असं कौतुक करून त्यांना वर्षानुवर्षं तिथेच ठेवतात.

सेटिंगमध्ये नेमकं काय असतं ते सांगतो, म्हणजे ते मुलींना जमेल की नाही हे वाचकांनीच ठरवावं. समजा हायड्रॉलिक्सच्या कामातला पातळ भिंतीचा एक बुश (नळीसारखा पोकळ भाग) टर्न करायचा, म्हणजे फिरवून कापायचा आहे. आधी सॉफ्ट जॉ, म्हणजे जॉब धरणारे मऊ जबडे, मशीनच्या फिरत्या चकवर चढवायचे. जॉवर १, २, ३ असे आकडे असतात, ते चकच्या त्याच आकड्यावर बसले पाहिजेत. बसवण्याआधी सेरेशनमधली (दातेरी खाचांमधली) प्रत्येक चिप ब्रशने काढायची, कारण केसाएवढी चिप राहिली तरी जॉब डगमगतो. मग रिंग पकडून, जॉब ज्या प्रेशरला पकडणार त्याच प्रेशरला जॉ बोअर करायचे, म्हणजे आतून मापात कापायचे. प्रेशर वेगळं ठेवलं तर जॉ तोंडाशी किंवा तळाशीच धरतात, पूर्ण लांबीला धरत नाहीत. कोपऱ्यात थोडी खाच घ्यायची, नाहीतर जॉबची धार तिथे अडते आणि फेस तिरका बसतो. त्यानंतर डायल गेज लावून रनआउट (फिरताना जॉब किती डुलतो ते) बघायचा. पातळ बुशला नेहमीच्या १५-२० किलोच्या जागी ६-८ किलो प्रेशर पुरतं. जास्त दिलं की चकमध्ये असताना बुश गोल दिसतो आणि सोडल्यावर तीन जागी फुगतो. हा दोष साध्या मायक्रोमीटरला कळतच नाही, कारण तीन फुगवट्यांचा आकार कुठूनही समोरासमोर मोजला तरी व्यास जवळजवळ सारखाच भरतो. व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) फिरवून डायल लावला की काटा हलतो, तेव्हा उघड होतं. ज्याला हे ठाऊक नाही तो शंभर नग पास करून मोकळा होतो आणि अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत येतो.

पुढचं ऑफसेटचं, म्हणजे टूलची जागा दुरुस्त करायला कंट्रोलमध्ये भरायच्या आकड्याचं. व्यास ४०.०० मिलिमीटर हवा आणि आला ४०.०३. टूलच्या झिजेसाठीच्या वेअर ऑफसेटमध्ये आधीच उणे ०.१२ आहे. आता त्यात उणे ०.०३ मिळवायचे असतात. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर मिळवायचं बटन वेगळं आणि आकडा बदलायचं बटन वेगळं. घाईत दुसरं दाबलं की उणे ०.१२ जाऊन तिथे नुसते उणे ०.०३ बसतात आणि पुढचा नग ४०.१२ येतो. हा निदान पुन्हा टर्न करता येतो. दशांश चिन्ह एक घर चुकून ०.०३ च्या जागी ०.३ गेले तर व्यास ३९.७३ होतो आणि जॉब थेट भंगारात. इन्सर्टचंही, म्हणजे टूलच्या टोकाला लावायच्या कापणाऱ्या पात्याचंही, तसंच. ०८ टोकाच्या इन्सर्टचा नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिलिमीटर, ०४ चा ०.४. स्टोअरमध्ये पहिला नाही म्हणून दुसरा लावला आणि फीड (दर फेऱ्याला टूलची चाल) ०.२ तसाच ठेवला तर हिशेबाने पृष्ठभागावरच्या रेघांची खोली ६.२५ मायक्रॉनवरून १२.५ वर जाते, शिवाय कंट्रोलमधला रेडियस बदलला नाही तर टेपर आणि कोपरे चुकतात. आतलं भोक कापणारा बोअरिंग बार स्टीलचा असेल तर होल्डरबाहेर त्याच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त काढायचा नाही, काढला की चॅटर (थरथर) येतो. पहिला नग घेताना रॅपिड (टूलची वेगवान धाव) २५ टक्क्यांवर, सिंगल ब्लॉक (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवणं) चालू, एक बोट टूल थांबवणाऱ्या फीड होल्डवर.

यात कुठे बाप्याची ताकद लागते? लागते ती शिस्त, मोजमापाची सवय आणि चुकलेलं लगेच सांगण्याची तयारी.

पण हे कुठल्याही पुस्तकात एकत्र मिळत नाही. आयटीआयमध्ये पाया मिळतो, उद्यमबागेतल्या जीटीटीसी या सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्रात टूल अँड डायचं शिक्षण त्याहून खोल मिळतं. आपल्या छोट्या शॉपमध्ये मात्र त्या त्या जॉबचं सेटिंग एका जुन्या सेटरच्या डोक्यात आणि त्याच्या खिशातल्या डायरीत असतं. ते शिकायचं तर त्याची मर्जी सांभाळायची, जॉब बदलताना त्याच्या बाजूला उभं राहायचं, शिफ्ट संपल्यावर थांबायचं, तो चहाला गेला की बरोबर जायचं. मुलगा असं करतो तेव्हा लोक म्हणतात, पोरगा चिकाटीचा आहे. मुलीने केलं की आठवडाभरात कुजबुज सुरू होते. ती चांगली तयार झाली तर ‘त्याने हाताला धरून शिकवलं’ आणि कंटाळून सोडून गेली तर ‘मुलींना हे जमत नाही’.

आणि कधी कधी खरंच प्रेम जमतं. विशी-बाविशीतली मुलं आठ-आठ तास एका मशीनवर काम करतात, एकमेकांची चूक सांभाळून घेतात, एकमेकांची हुशारी जवळून बघतात. त्यातून जीव जडला तर त्यात वावगं काही नाही. अडचण वेगळीच आहे. शिकवणारा आणि प्रेम करणारा एकच माणूस असला की बिनसल्यावर मुलीचं शिकणंही त्याच दिवशी थांबतं. काही जागी तर याहून वाईट घडतं. शिकवण्याची किंमत म्हणून जवळीक मागितली जाते आणि मुलीला नाही म्हणायची सोय उरत नाही, कारण डायरी त्याच्या खिशात असते.

म्हणून पहिलं काम, डायरी खिशातून काढून मशीनवर लावा. प्रत्येक जॉबचा सेटिंग शीट करा. टरेटच्या (टूल धरणाऱ्या फिरत्या चकतीच्या) कुठल्या स्टेशनला कुठला टूल, इन्सर्टचा पूर्ण कोड, बार किती बाहेर, जॉचा सेट नंबर, चक प्रेशर, वर्क झिरो (मापं जिथून सुरू होतात ती जागा) कुठे धरायचा, कुठलं माप कशाने आणि किती नगांनी मोजायचं, आणि मागच्या वेळी काय बिघडलं होतं. दोन फोटोही लावा, एक जॉचा आणि एक टरेटचा. हा कागद जुन्या सेटरशेजारी बसून दुसऱ्याने लिहायचा. तो स्वतः लिहीत नाही, कारण आपल्याला अमुक गोष्ट येते हे त्याच्या ध्यानातही नसतं. कागद मराठीत किंवा कन्नडमध्ये, शॉपमधल्या माणसांना वाचता येईल असा असावा. ड्रॉइंग इंग्रजीत असलं तरी चालतं, सूचना नको.

दुसरं, एका मुलीला एका सेटरच्या गळ्यात घालू नका. निदान दोघी-तिघी एकदम शिकू द्या आणि दर महिन्याला शिकवणारा बदला. एकट्या मुलीबद्दल गोष्टी तयार होतात, तिघींबद्दल होत नाहीत. शिवाय चक चढवण्यासारख्या कामाला दोन हात जास्त मिळतात. वेळ ठरवून द्या, शिफ्टमधला रोजचा एक तास, जॉब बदलण्याच्या दिवशी पूर्ण वेळ. तीन महिन्यांत साधे टर्निंग जॉब स्वतंत्रपणे लागायला हरकत नसावी.

तिसरं, कुणाला कुठलं काम किती येतं ते दाखवणारा स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड. तो बहुतेक कारखान्यांत ऑडिटसाठी लावलेला असतोच. नावापुढे गोल आणि गोलाचे चार भाग. एक भरला म्हणजे माहिती आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करते, तीन म्हणजे स्वतंत्र करते, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकते. बोर्डासमोर उभं राहून नुसतं बघा, मुलींच्या नावापुढचे सेटिंगचे गोल दोनवर थांबलेले असतात. तिसरा भाग भरायचा तर परीक्षा घ्यावी लागते. लेखी नको, प्रत्यक्ष घ्या. अनोळखी जॉब, सेटिंग शीट, ठरलेली वेळ, सलग पाच नग मापात. तपासणारा तिसऱ्याच विभागातला. अशा कागदावर सही झाली की ‘साहेबाच्या मर्जीतली’ म्हणणाऱ्याला बोलायला जागा राहत नाही. तपासणी खात्यातल्या मुलींसाठी तर उद्योगात मान्य असलेली पद्धत आहेच. दहा नग, तीन तपासणारे, प्रत्येकाने दोन-तीनदा मोजायचं आणि मोजमापातली तफावत काढायची. १० टक्क्यांच्या आत चांगलं, ३० च्या वर गेलं तर पद्धत किंवा गेज बदलायचा. कुणाची नजर किती बारीक, ते आकड्यात निघतं.

आता सबबींकडे. वजनाची सबब सगळ्यात मोठी. २०-२५ किलोचं कास्टिंग दिवसभर हाताने उचलायला बाप्यालाही लावू नये, चाळिशीत कंबर जाते. अर्ध्या टनाचा होइस्ट आणि जिब क्रेन लावली की प्रश्न दोघांचाही सुटतो. कंट्रोल पॅनल उंच पडत असेल तर पायाखाली १५ सेंटिमीटरचा जाळीचा पाट टाका. सेफ्टी शूजबद्दल मात्र जरा थांबून सांगावंसं वाटतं. स्टोअरमध्ये बूट असतात ६ नंबरपासून पुढे. ३ किंवा ४ नंबरच्या मुलीला ६ चा देतात, ती आत कापड कोंबून घालते आणि कूलंटने ओल्या झालेल्या जमिनीवर घसरते. नंतर अपघाताच्या कागदावर ‘निष्काळजीपणा’ लिहिलं जातं. लहान नंबर बाजारात मिळतात, ऑर्डर देताना नंबर विचारायचा असतो इतकंच. हातमोज्यांचं तसंच, आणि फिरत्या स्पिंडलजवळ तर हातमोजे कुणीच घालायचे नाहीत. ओढणी, सुटे केस, बांगड्या आणि मंगळसूत्र मशीनपाशी नको. यावर घरच्यांची समजूत घालावी लागते आणि ती कारखान्याने घालावी. मंगळसूत्र कपाटात कुलूपबंद ठेवायची सोय केली तर कुणी हट्ट धरत नाही.

स्वच्छतागृह लांब किंवा सामाईक असलं तर मुली पाणीच पीत नाहीत आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने आजारी पडतात. मग रजा वाढल्या म्हणून तक्रार. महिलांसाठी वेगळी सोय कारखान्यांच्या कायद्यातच आहे.

रात्रपाळीचं कारण काही काळ कायद्याचं होतं. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने संध्याकाळी ७ ते सकाळी ६ महिलांना काम देता येत नव्हतं. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये अटींवर ते खुलं केलं, लेखी संमती आणि येण्या-जाण्याची सोय या त्यातल्या मुख्य. जॉब बदलण्याचं काम बऱ्याचदा दुपारच्या पाळीत येतं, ती पाळी रात्री अकराला सुटते आणि त्या वेळी येळ्ळूर, उचगाव, किणये किंवा खानापूरकडच्या गावांना बस मिळणं कठीण. तिकीट माफ असून उपयोग काय? चार-पाच कारखान्यांनी मिळून एक गाडी लावली तर खर्च वाटला जातो. गाडीत शेवटी उतरणारी एकटी मुलगी नसावी, म्हणजे उतरण्याचा क्रम आधी ठरवून द्यावा.

आता प्रेमाबद्दल सरळ बोलू. बंदी घालून ते थांबत नाही, लपून होतं आणि लपल्यामुळे बिघडतं. काही कारखान्यांत जोडी जमल्याचं कळलं की मुलीला घरी बसवतात आणि मुलगा तिथेच राहतो. ‘तो अनुभवी आहे’ हे कारण. हे अन्यायाचं आहे आणि धंद्याच्या दृष्टीनेही तोट्याचं, कारण जिच्यावर दोन वर्षं खर्च केली तीच बाहेर जाते. आमच्या मते नियम साधा असावा. दोघं एकमेकांच्या हाताखाली नसतील तर कारखान्याचा संबंध नाही. एक जण दुसऱ्याचा सुपरवायझर किंवा सेटर असेल तर त्यांनी एचआरला किंवा मालकाला कळवायचं आणि आठवड्याच्या आत जो वरच्या पदावर आहे त्याची जागा बदलायची, खालच्या माणसाची नव्हे. ओव्हरटाइम, रजा आणि पगारवाढीच्या कागदावर एकाची सही दुसऱ्याच्या नावावर चालणार नाही. एकाने काढलेला लॉट दुसऱ्याने पास करायचा नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जोडीदाराच्या मशीनच्या मालाला नापासाचा लाल टॅग लावताना हात अडखळतो, किंवा उलट, पक्षपात दिसू नये म्हणून चांगला माल अडकवला जातो. दोन्ही झालेलं आम्ही पाहिलं आहे. हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीसारख्या ठिकाणी विमानाचे सुटे भाग बनतात, तिथे सही कुणाची आहे याला जिवाचं मोल आहे.

आणि एकाने नाही म्हटलं की तिथे प्रेमाचा विषय संपतो. २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा नको असलेल्या वागण्याबद्दल आहे. आधी दोघं फिरत होते, हे नंतरच्या त्रासाचं समर्थन होत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक जागी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, समितीला योग्य वाटलं तर आणखी तीन महिने मुदत वाढते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी सुरू असताना मुलगी लेखी मागणी करून बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. आपल्याकडे दहापेक्षा कमी माणसांचे कारखाने कितीतरी आहेत. तिथल्या मुलींसाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. कंत्राटी, प्रोबेशनवरच्या, शिकाऊ अशा सगळ्या मुली या कायद्यात येतात, आणि कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाच्या जागेत मोडते. तक्रार करणारीची ओळख बाहेर फोडता येत नाही. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. समितीची नावं भिंतीवर लावणं सक्तीचं आहे. आमची मागणी एवढीच की ही पाटी कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही लावा, कारण खानापूर भागातून येणाऱ्या कितीतरी मुली मराठी शाळेत शिकलेल्या असतात. फोटो किंवा व्हिडिओ पसरवण्याची धमकी आली तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावं आणि संदेश पुसू नयेत.

जोडीने काम करून मोठं झालेल्यांची उदाहरणं आपल्याच मुलखात आहेत. कर्नाटकातल्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजेश्वरी चटर्जी १९५३ साली अमेरिकेतून पीएच.डी. करून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्या, त्याच विभागातल्या शिशिरकुमार चटर्जी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मायक्रोवेव्ह संशोधनाची प्रयोगशाळा दोघांनी मिळून उभी केली. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ मध्येच सिव्हिलची पदवी घेतलेल्या शकुंतला भगत यांनी पती अनिरुद्ध भगत यांच्याबरोबर पुलांची जोडणी-पद्धत विकसित केली, त्यांचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत उभा राहिला. आणि एकटीने वाट काढलेल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव. इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत त्यांनी चालवली.

पालकांना एक सांगणं. मुलीला नोकरीला लावण्याआधी कारखाना आतून बघायला मागा. स्किल मॅट्रिक्सच्या बोर्डावर एखाद्या मुलीचा सेटिंगचा गोल तीन भागांपर्यंत भरला आहे का बघा. समितीची पाटी आहे का आणि तिच्यावरच्या बाई आजही तिथे कामाला आहेत का विचारा, कारण जुन्या पाट्या तशाच राहतात, तीन वर्षांनी समिती नव्याने नेमायची असते. दुपारच्या पाळीची गाडी कुठपर्यंत जाते ते विचारा. बुटांचा ४ नंबर स्टोअरमध्ये आहे का, हेही विचारा.

आपले,
उद्यमबाग व मच्छे परिसरात सेटिंग, तपासणी आणि देखभालीचं काम करणाऱ्या काही जणी व काही जण,
बेळगाव